पाचवीचा कोरा कागद

आंबिवलीजवळच्या गावात बायजाच्या जिभेला सरपंचही वचकून असायचा. पण ठाण्याच्या इस्पितळात, नातवाच्या खाटेपाशी, तिची वाचाच बसली.

नातू सहा दिवसांचा. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या जन्मतःच उलटसुलट जोडलेल्या. आदल्या दिवशी डॉक्टरांनी त्या कापून आपापल्या जागी लावल्या. सूज होती म्हणून छाती शिवली नव्हती, नुसता पातळ पारदर्शक पडदा लावला होता, आणि त्याखाली आवळ्याएवढं काळीज धडधडत होतं. गावातली निम्मी पोरं बायजाच्या हातावर जन्मलेली, पण माणसाचं काळीज ती पहिल्यांदाच बघत होती. तिचे हात आपोआप जोडले गेले.

"सूज उतरली की शिवतील. तवर काय सांगता येत नाय, आये," मुलगा दिपेश म्हणाला.

बायजाला मात्र वेगळंच डाचत होतं. ऑपरेशनच्या धांदलीत पाचवी पुजायची राहिली होती. पाचव्या दिवशी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, मग सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, आणि ती लिहिताना कुणी बघायचं नसतं. कागदच नाही ठेवला, तर पोराचं आयुष्य लिहिणार कुठे?

दुसऱ्या दिवशी म्हातारी पोलक्यात कागद आणि पेन दडवून आत शिरली. गादीखाली सरकवणार, तोच निशा सिस्टरने तिचा हात धरला.

"आजी, छाती उघडी आहे त्याची! बाहेरची वस्तू इथे अजिबात चालत नाही."

एरवी बायजाने तिच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आज तिला रडू फुटलं. रडत रडतच तिने पाचवीचं सगळं सांगितलं. निशा हसली नाही. तिने आधी बायजाला पुन्हा हात धुवायला लावले, मग खाटेच्या पायथ्याशी नेलं. तिथे तिरक्या मेजावर चादरीएवढा कागद पसरलेला होता.

"ठोके, दाब, श्वास, लघवी. दर तासाला लिहितो आम्ही. माझी ड्युटी संपली की दुसरी लिहिते. एक तास चुकत नाही."

बायजाला अक्षरओळख नव्हती. तिला एवढंच दिसलं, की अर्धा कागद भरलाय.

"गो पोरी, म्होरची जागा कोरी हाय ना अजून?"

"आहे ना. ती पुढच्या तासांची."

निशाने पेन उचललं. बायजाने झटकन पाठ फिरवली.

तेव्हापासून पेन उचललं की आजी भिंतीकडे तोंड करून उभी. बाकीच्या सिस्टर तोंडाला हात लावून हसायच्या. निशा मात्र लिहून झालं की सांगायची, "झालं हो आजी." असं करत तिसऱ्या दिवशी सूज उतरली, छाती शिवली गेली. उरली ती श्वासाची नळी.

ती काढली त्या दुपारी बायजाला आत बोलावलं. आता पोर स्वतःच्या दमावर श्वास घेतं का, यावरच सगळं होतं. निशा कागदावर वाकली, आणि बायजा वळली भिंतीकडे.

"रडत का नाय गो तो?"

"घसा बसलाय नळीने. थांबा जरा."

पेन कागदावर खरखरत होतं. तेवढ्यात मागून आवाज आला. बारीक, घोगरा, पण चिडलेला.

लिहून व्हायचं होतं अजून. सटवाई लिहिताना बघू नये, हे बायजाला तिच्या आईने सांगितलेलं. पण पोर रडत असताना पाठ फिरवून उभं राहावं, असं तिला कुणीच सांगितलं नव्हतं. ती वळली.