वळणावर सैल झालेला कठडा

आधी तो ओला हात काढा. आणि पिशवीही. पिशव्या टेकवायला मला इथं उभं केलेलं नाही.

इकडेतिकडे काय बघताय? मीच बोलतोय, जिन्याचा कठडा. रोज मला धरून चढता-उतरता, आणि मी तोंड उघडलं की भूत बघितल्यासारखं करता.

इतकी वर्षं गप्प होतो. या चार मजली इमारतीत लिफ्ट नाही, म्हणजे लहानथोर सगळ्यांची गाठ माझ्याशी. कोण कुणाशी भांडलं, कुणाच्या घरी पाहुणे आले, कोण चपला हातात घेऊन गुपचूप वर गेलं, सगळं मला कळतं. कुठं बोललो नाही. पण गेल्या वर्षभरात या जिन्यात जे झालं त्यानं माझं डोकं फिरलंय. डोकं म्हणजे खाली सुरुवातीला आहे ते लाकडी बोंड. तुम्ही त्याला छत्र्या अडकवता.

जन्माचं फार सांगत बसत नाही. झाड होतो, कापला गेलो. ज्या सुतारानं मला घडवलं तो मात्र देवमाणूस. रंधा मारून झाला, काचकागद घासून झाला, की डोळे मिटून माझ्यावरून तळवा फिरवायचा. कुठं जरा टोचलं की पुन्हा घासायचा. ‘पोराबाळांचे हात लागणार याला,’ म्हणायचा. मग लोखंडी गजांवर मला बसवलं, तळापासून चौथ्या मजल्यापर्यंत. त्यानंतर माझ्यावरून कुणी प्रेमानं हात फिरवला असेल तर शपथ!

तोंडं मी ओळखत नाही, मला हात कळतात. पहिल्या मजल्यावरच्या पेन्शनरकाकांचा हात मला नुसता चाटून जातो, कारण दुसऱ्या हातात मोबाइल आणि सगळा जीव त्या मोबाइलमध्ये. दुसऱ्या मजल्यावर नर्सबाई राहते, एकटीच. तिचा हात साबणानं धुऊन धुऊन खरखरीत झालेला, पण धरणं हलकं. आणि तिसऱ्या मजल्यावरची शिवणवाली. घरातच मशीन टाकलेलं. सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते धातूचं टोपण काढायला विसरायची आणि खाली येताना ते माझ्यावर टक टक टक वाजत यायचं. सगळ्या जिन्याला कळायचं, ही निघाली.

या दोघींचं मेतकूट. नर्सबाईचे पांढरे कपडे शिवणवालीच शिवायची. ही तिला ‘ताई’ म्हणायची, ती हिला ‘मास्टरीण’. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर दोघी मला पाठ टेकून उभ्या राहायच्या आणि चहाचा कप हातात धरून जगाची उणीदुणी काढायच्या. वरून शिवणवालीच्या सासूबाईंची हाक यायची, “झालं का गं राज्य चालवून? कुकर लावायचाय!” शिवणवाली म्हणायची, “आले, आई!” आणि येत नसे.

मग माझा एक सांधा सैल झाला. दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्याकडे जाताना जिना वळतो ना, तिथला. धरलं की कुरकुरायचं. सासूबाईंनी लगेच चौथ्या मजल्यावरच्या पोरांना धारेवर धरलं. “घसरगुंडी आहे का ही? हातपाय मोडून घ्या, मग कळेल!” पोरं बिचारी म्हणत होती, “आजी, आम्ही नाही केलं.” ऐकतो कोण? शेवटी त्यांच्या मुलानं, म्हणजे शिवणवालीच्या नवऱ्यानं, एका रविवारी लोखंडी पट्टी आणून दोन बाजूंनी स्क्रू पिळले. मला विचारलंही नाही. अजून ती पट्टी रुततेय.

पोरांनी काही केलं नव्हतं. पोरं माझ्यावरून घसरतात तेव्हा वजन खाली जातं. हे वजन बाहेर ओढलं जात होतं. रोज, त्याच वळणावर, शिवणवालीचा हात. आधी ती मला नुसती शिवायची. आता दोन्ही मुठींनी पकडून स्वतःला ओढून घ्यायची, एक पायरी, मग दम, मग दुसरी. वरून कुणाची चाहूल लागली की हात सोडून उभी राहायची आणि पदर सारखा करत हसायची. तिच्या मांड्यांतलं बळ जात चाललं होतं. हे मला माहीत, आणि तिला. तिसऱ्या कुणाला नाही.

त्यानंतर एक नवी लस आली. नर्सबाईच्या दवाखान्यात मोठ्या माणसांना टोचत होते. नर्सबाई खालून ओरडली, “मास्टरीण, येतेस का ओढत नेऊ?” शिवणवाली म्हणाली, “ताई, ऑर्डरी पडल्यात गं.” नर्सबाई म्हणाली, “पाच मिनिटांचं काम. मी स्वतः टोचते, तुला कळणारसुद्धा नाही.” दोघी हसत गेल्या, हसत आल्या. दंड दुखतो म्हणून दोन दिवस हिनं मला डाव्या हातानं धरलं, एवढंच.

काही आठवड्यांनी मात्र तिला केस विंचरायला हात वर नेता येईना. कात्री उचलवेना. बोटांचे सांधे सुजले, त्यांवर लाल चट्टे उठले, पापण्या जांभळट झाल्या. टोपणाचा आवाज बंद झाला, सुजल्या बोटात ते जाईचना. नवरा तिला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. परत येताना ती पायरीपायरीवर बसत होती आणि तो सामोऱ्या आलेल्या आईला सांगत होता, “अंगाची राखण करणारी जी ताकद असते ना, ती उलटलीय म्हणे. स्वतःच्याच स्नायूंना सूज आणतेय. सांध्यांनाही. गोळ्या चालू करायच्यात, तपासण्या करायच्यात, इंजेक्शनं लागतील.”

सासूबाईंनी मला घट्ट पकडलं. “इंजेक्शनं? पुन्हा सुई?”

झालं. तिथून जिना पेटला.

“त्या बयेनं टोचलं आणि माझ्या सुनेचे हात गेले!” सासूबाई दुसऱ्या मजल्यावर उभ्या राहून बंद दाराला सांगत होत्या. “तोंडावर ताई ताई, आणि मागून हे? वर्षभर तुझे कपडे शिवले गं तिनं!”

दार उघडलं. नर्सबाई म्हणाली, “आई, आधी तिच्या गोळ्या चालू करा. मला काय बोलायचं ते नंतर बोला.”

“मला आई म्हणू नकोस! आता एक गोळी, एक सुई माझ्या घरात येणार नाही.”

पेन्शनरकाका अर्ध्या जिन्यात थांबले. त्यांना असं काही मिळालं की गुडघे दुखत नाहीत. “मी म्हणत नव्हतो? सगळ्यांना पाठवलंय मी मोबाइलवर, कुणी वाचत नाही. लस घेतली की सांधे धरतातच.”

“काका, तुम्हीसुद्धा घेतलीत. माझ्याच हातून,” नर्सबाई म्हणाली.

“म्हणून तर गुडघे दुखतात!”

“ते मी इथं राहायला आले तेव्हापासून दुखताहेत!”

कुणी तरी फिदीफिदी हसलं. पण नर्सबाई हसली नाही. ती म्हणाली, “हे बघा, फार थोड्या लोकांना लशीनंतर असं झाल्याच्या नोंदी आहेत. ते मी लपवणार नाही. लशीमुळे झालं की नुसतं लशीनंतर झालं, हे एकेका माणसाबाबत छातीठोकपणे सांगता येत नाही. मलाही येत नाही. पण गोळ्या घेतल्याच नाहीत तर काय होईल ते सांगता येतं.”

“ऐकलंत?” सासूबाई म्हणाल्या. “कबूल केलं तिनं!”

असं ऐकतात तुम्ही माणसं. अर्ध्या वाक्यावरून उडी मारता. मी तर लाकूड, पण तेवढं मलाही कळलं.

त्या दिवसापासून नर्सबाईच्या दारात कचरा पडायला लागला. केसांचे गुंते, भाज्यांची देठं, एकदा फुटका कप. लोक तिच्या मजल्यावरून जाताना माझ्यापासूनही हात काढून घ्यायचे, जणू मलाही ती रोज टोचत होती. ती कामाला जायची, खाली मान घालून यायची, झाडू आणून झाडायची. एकदा झाडता झाडता थांबली. माझ्यावर कपाळ टेकलं आणि स्वतःशीच पुटपुटली, “माझ्याच हातानं झालं असेल का?” मला ओरडावंसं वाटलं. अगं, ती पट्टी बघ! पट्टी कधी बसली ते आठव! पण लाकडाचं ओरडणं म्हणजे नुसतं करकरणं. तिला वाटलं, मी जुना झालोय.

वर तेल चोळणं चालू होतं, शेक चालू होता. शिवणवाली दिवसेंदिवस हलकी होत होती आणि माझ्यावर जड. मग घास गिळताना ठसका लागायला लागला. नवरा रोज म्हणायचा, “आई, डॉक्टर म्हणाले होते, घशाचे स्नायू गेले तर जिवावर बेतेल.” सासूबाई म्हणायच्या, “आणि सुईनं नाही बेतणार?” तो चपला घालून खाली उतरायचा. मोठा माणूस, रोज कामावर जाणारा, आणि आईपुढे दातखीळ. त्याचाही मला राग आहे, लिहून ठेवा.

एका दुपारी शिवणवाली एकटीच खाली गेली होती, कशाला कोण जाणे. कदाचित आपल्याला अजून जमतं का ते बघायला. परत येताना वळणावर पट्टीपाशी आली, माझ्याभोवती दोन्ही हात घातले, आणि पाय उचललाच नाही. पायरीवर बसली. पाण्याची बाटली तोंडाला लावली तर पाणी नाकातून आलं. गुदमरली. खोकायलासुद्धा जोर नव्हता.

नर्सबाईचं दार उघडलं. ती धावत वर आली, तिला पुढं वाकवलं, पाठीवर हात ठेवला. वरून सासूबाई उतरल्या. “हात लावू नकोस तिला!”

“आई!” शिवणवालीचा आवाज नाकातून येत होता. “ही पट्टी कधी मारली?”

“काय?”

“ही पट्टी. तुम्ही पोरांना शिव्या दिल्या होत्या. कधी मारली?”

“मला काय ठाऊक! तो रविवारी घरी होता तेव्हा.”

“माझ्या लशीच्या आधी. ताईचे नवे कपडे मशीनवर होते तेव्हा. पोरांनी नाही सैल केलं, मी केलं. जिना चढवत नव्हता मला, तेव्हापासूनच. रोज याला धरून ओढत होते स्वतःला. तुम्ही म्हणाला असता, काम नको म्हणून नाटकं करतेय. म्हणून नाही बोलले.”

पेन्शनरकाकांचा मोबाइल तेवढा खाली वाजत राहिला.

मला वाटलं, आता नर्सबाई तिला मिठी मारेल. नाही मारली. तिनं पाठीवरचा हात काढून घेतला.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली. “माझ्या दारात कचरा टाकत होते, तेव्हा तू वरून बघत होतीस. आणि तुला माहीत होतं?”

शिवणवालीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात वर जात नव्हता. सासूबाईंनी पदर पुढे केला तर तिनं तोंड फिरवलं.

नर्सबाई उठली. घरात गेली. मला वाटलं, संपलं. पण ती पर्स आणि चपला घेऊन बाहेर आली. “धरा त्या बाजूनं,” ती सासूबाईंना म्हणाली. विनंती नव्हती ती. आणि त्या बाईनं, ज्या बाईनं अख्खा जिना डोक्यावर घेतला होता, निमूटपणे धरलं. दोघींनी तिला उचलून खाली नेलं. मला कुणी हात लावला नाही.

नंतरचं मी जिन्यात ऐकलं तेवढं सांगतो. दवाखान्यात नर्सबाईनंच डॉक्टरांना सांगितलं, “लस मी दिलीय, तेही लिहून घ्या. आणि त्रास आधीपासून होता, तेही.” डॉक्टर म्हणाले, आजार आधी सुरू झाला होता हे नक्की. लशीनं त्याला थोडी हवा दिली का, ते सांगता येत नाही, नाही असंही म्हणवत नाही. उपचार तोच, आणि उशीर फार झालाय. सासूबाईंना यात जिंकल्यासारखं काही सापडलं नाही, हरल्यासारखंही नाही. त्या बरेच दिवस चिडचिड करत फिरल्या.

आता शिवणवाली घरी आहे. गोळ्यांनी तोंड गोल झालंय म्हणतात, तोंडांशी मला घेणं नाही. मला तिची मूठ कळते. पूर्वीइतकी आवळत नाही, थोडी सैल झालीय. अजून पट्टीपाशी थांबते. मशीन बंदच आहे. कात्री कधी उचलेल ते डॉक्टरही सांगत नाहीत.

दर आठवड्याला तपासणीला जाताना नर्सबाई दारात उभी असते. शिवणवाली आली की तिचा दंड धरून खाली नेते, आणते, वळणापर्यंत सोडते. एक शब्द बोलत नाही. ‘मास्टरीण’ही नाही. शिवणवालीनं एकदा “ताई” म्हटलं. नर्सबाई म्हणाली, “पायरीकडे बघ.”

सासूबाईंनी माफी मागितली नाही, मागणारही नाहीत. पण हल्ली सकाळी ओलं फडकं घेऊन उतरतात आणि दुसऱ्या मजल्यावरचा माझा तेवढाच तुकडा पुसतात. दाराची चाहूल लागली की पटकन वर निघून जातात. ओल्या फडक्यानं लाकूड फुगतं, हे त्यांना कोण सांगणार?

तेव्हा आता ऐका. जिन्यात उभं राहून लोकांच्या आजारावर न्यायनिवाडा करायचा असेल तर खाली रस्त्यावर जा, माझ्यावर कोपर टेकवून करू नका. कुणी चढताना दम खात असेल तर ‘काय, वय झालं वाटतं’ म्हणून पुढं पळू नका. थांबा, विचारा. मला हात नाहीत, तरी मी इतकी वर्षं सगळ्यांना धरलं, आणि त्यात माझा सांधा निखळला. तुम्हाला तर दोन दोन आहेत.

नवरा परवा म्हणाला, नवा सुतार आणतो, नीट सांधा करून घेऊ, ही पट्टी काढून टाकू. शिवणवाली पायरीवर बसली होती. म्हणाली, “राहू दे ती.” खाली नर्सबाईचं दार किंचित उघडं होतं. ते बंद झालं नाही.