कामठावालीचं माहेर

"अरे दुधराम, इसके आँखों पे झापडं कायले बांधलास?"

मुन्नालालनं विचारलं आणि दुधरामच्या हातातला खोगिराचा पट्टा अडकला. मग त्यानं तो ओढून घट्ट केला, घोडीच्या पोटावर थाप मारली आणि तोंडाला आलं ते सांगून टाकलं.

"उजेड बाधते तिले, शेठ. जलमभर व्हिडिओवाल्यायनं तोंडावर लाइट मारले. आता सूर्य निंगाला तरी तिले वाटते, थोच आला. लाजते."

मुन्नालालचं गोंदियात मंडप-डेकोरेशनचं दुकान. लाजणारी नवरी त्यानं कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. लाजणारी घोडी पाहून त्याला भरून आलं. "वा! क्या संस्कार है!"

दुधराम हसला. झापडांच्या आत दोन्ही डोळ्यांवर साय धरली होती. दिवाळीपासून घोडीला काहीच दिसत नव्हतं. हे दुधरामला ठाऊक होतं, त्याची बायको रुख्मा हिला ठाऊक होतं आणि घोडीला ठाऊक होतं. तिघांपैकी कोणी बोलणार नव्हतं.

घोडीचं नाव कामठावाली. कामठ्याच्या बाजारातून ती मुर्रीत, दुधरामच्या गावी, आली त्या दिवशी रुख्मानं दारातच तिच्या पायांवर पाणी घातलं आणि शेजारणींना सांगितलं, "आली वं कामठावाली." सुनांना माहेरच्या गावावरून हाक मारतात तशी हिलाही तीच हाक चिकटली. गोंदियातले निम्मे संसार हिच्या पाठीवरून सुरू झाले, असं दुधराम सांगे. उरलेल्या निम्म्या नवरदेवांना तिनं मांडवाच्या दारातच खाली पाडून सावध केलं होतं, पण ऐकतो कोण! एकदा बँडवाले पिऊन भलत्याच मांडवाकडे वळले, तर ही आपली त्यांच्यामागे. नवरदेव दुसऱ्याच मुलीशी लग्न लावून घरी आला. आजही सुखात आहे, असं दुधराम शपथेवर सांगे.

पुढे नवरदेव उघड्या मोटारींतून यायला लागले. दुधरामनं घोडी गोंदियाच्या घोडेस्वार मंडळाला देऊन टाकली, अट एवढीच की राखण त्याच्याकडे. मुन्नालालसकट मंडळी हौशी होती. धान कापून झालं की हिवाळ्यात एकदा सगळी घोड्यांवर बसून कुठल्यातरी तलावावर जात, तंबू ठोकत, मटण शिजवत. आणि त्यांचा एक रिवाज होता. दुसऱ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष प्रफुल्लभाऊ, राइस मिलवाले, प्रत्येक जनावर पाहत आणि एकच शब्द बोलत: 'राहील' किंवा 'जाईल'. 'जाईल' म्हटलेल्यासाठी व्यापाऱ्याचा ट्रक आधीच रस्त्यावर उभा असे. ट्रक कुठं जातो, कोणी विचारत नसे. त्या वेळी पानं वाढलेली असत.

दुधरामला यंदा एकच शब्द हवा होता. 'राहील'. मग वर्षभर कोणी पाहत नाही.

"मला हीच द्या," रश्मी मॅडम म्हणाल्या. बँकेत अधिकारी होत्या, घोड्याची भीती जावी म्हणून मंडळात आल्या होत्या. "बाकीचे पळतात हो."

"ही पळतच नाई, मॅडम. हिच्यावर बसून तुमी स्वेटर इना."

यंदाचा मुक्काम कामठ्याच्या तलावावर होता. दुधराम लगाम धरून पुढे झाला आणि त्यानं तोंडानं बँड सुरू केला. "पँ पँ पपँ, ढिंच्याक ढिंच्याक!" कामठावालीनं कान उभे केले आणि पाऊल टाकलं. जन्मभर ती बँडच्या मागे चालली होती. डोळे गेले तेव्हा दुधरामनं हे सहज करून पाहिलं, आणि घोडी तोंडाच्या बँडवर अंगणातून विहिरीपर्यंत सरळ आली. त्या दिवशी नवराबायको दोघं विहिरीवर बसून रडली, मग हसली.

"दुधराम, बँड काऊन वाजवून राहिला गा?" प्रफुल्लभाऊंनी मागून विचारलं.

"माहेरी जाऊन राह्यली, भाऊ. मुक्यानं कशी नेऊ?"

सगळे हसले. वाटेत एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि रश्मी मॅडमकडे पाहून म्हणाली, "नवरदेव कोठी हाये वं बाई?" मुन्नालाल ओरडला, "पीछे आ रहा है, मावशी! ट्रॅफिक में फँसा है!" दुधरामचा घसा संध्याकाळी फाटला होता. पण कामठावाली एकदाही ठेचकाळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रफुल्लभाऊ पाहणीला निघाले. खूर पाहिले, दात पाहिले. एका घोड्याला धाप लागत होती, तो 'जाईल'. कामठावालीपाशी आले तेव्हा दुधराम तिच्या तोंडापुढे उभा राहून बोलत सुटला: हिच्या आजीनं म्हणे एकदा वाघाला लाथ मारली, वाघ मध्य प्रदेशात जाऊन राहिला.

"बस्स बस्स," प्रफुल्लभाऊ हसत म्हणाले. "मॅडमनं लय तारीफ केली हिची. राहील."

दुधरामचा जीव भांड्यात पडला. त्यानं घोडीचं खोगीर उतरवलं, लगाम सोडला, झापडं तेवढी ठेवली आणि तिला काठावर चरायला मोकळं सोडलं. जात तर ती कुठेच नसे. मग तलावाच्या बांधावर, पाळीवर जाऊन, कालपासून पहिल्यांदाच, पोटभर जेवायला बसला.

आणि मुन्नालालला आनंद झाला. मुन्नालालचा आनंद तसा कोणाचं वाईट करणारा नव्हता. त्यानं मासे धरणाऱ्या ढिवराचा डोंगा मागून घेतला, स्पीकर मांडीवर घेतला आणि पाण्यात मध्यावर जाऊन ओरडला, "कामठावाली पास हो गई! अब बारात निकलेगी!" आणि त्यानं लग्नाच्या बँडची धून लावली, पूर्ण आवाजात.

कामठावालीनं मान वर केली. आणि निघाली.

पाणी गुडघ्याला लागलं तशी ती नाचायला लागली, वरातीत नाचायची तशीच, एकेक पाय उचलून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रश्मी मॅडमनं मोबाइल काढला. "अय्या, बघा ना, किती गोड!"

दुधराम पाळीवर उभा राहिला. घास तोंडातच. थांबेल, त्याला वाटलं, पाणी लागलं की थांबेल. पाणी पोटाला लागलं. एक वाक्य बोललं की घोडी वाचत होती आणि तेच वाक्य बोललं की घोडी जात होती. पाणी छातीला लागलं. पुढे कमळाच्या देठांचा गुंता होता आणि त्याखाली गाळ.

"बाजा बंद करा!" तो ओरडला. "आंधळी हाये थे! आंधळी हाये!"

धून बंद पडली. कामठावाली गळ्याइतक्या पाण्यात थांबली, गोल फिरली, आणि आता कुठं जायचं ते तिला कळेना. दुधराम कपड्यांनिशी पाण्यात शिरला. कोरड्या तोंडातून बँड निघेना; नुसती हवा निघाली. तेवढ्यावरही ती वळली आणि त्याच्यामागे काठावर आली.

प्रफुल्लभाऊंनी स्वतः झापडं काढली. बराच वेळ पाहिलं.

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

"आन तू मॅडमले हिच्यावर बसवलं?"

"म्या समोर होतो ना, भाऊ."

"तू समोर होता. मॅडम वर होत्या."

रश्मी मॅडम चटईवर बसल्या होत्या. पांढऱ्या पडल्या होत्या आणि हेल्मेट मांडीवर घट्ट धरून होत्या. दुधराम त्यांच्याकडे पाहत राहिला. त्यांनी पाहिलं नाही.

"मले द्या तिले," दुधराम म्हणाला. "घरी बांधून ठेवतो. कोनाले बसवनार नाई."

"उद्या कोनी नवरदेव आला का काढशील वरातीत. मी वळखत नाई का तुले?"

"शपथ घेतो, भाऊ! रुख्माची शपथ!"

दुधरामनं आजवर इतक्या शपथा घेतल्या होत्या, त्या चुकलेल्या नवरदेवाच्या, त्या मध्य प्रदेशातल्या वाघाच्या, आणि या सगळ्या माणसांनी त्या आवडीनं ऐकल्या होत्या. ही एक खरी होती. ती इतरांसारखीच दिसत होती.

"जाईल," प्रफुल्लभाऊ म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यांनाही जेवण गेलं नाही त्या दिवशी.

ट्रकला फळी लावली. धाप लागणारा घोडा मुकाट चढला. कामठावाली फळीवर खूर ठेवी आणि मागे घेई. व्यापाऱ्याच्या माणसानं मागून ढकललं, मग कोपऱ्यातली काठी उचलली.

"ठेव थे खाली," दुधराम म्हणाला.

तो फळीवरून उलट्या पावलांनी वर चढला, तिच्याकडे तोंड करून. हळूच, शेजारच्याला ऐकू जाणार नाही असा, त्यानं बँड सुरू केला. कामठावालीनं कान उभे केले आणि चढली, ऐटीत, अंगावरून पाणी निथळत असताना. आत गेल्यावर तिनं त्याच्या छातीला नाक लावलं. तो तिच्या अंगाला घासून बाहेर आला तेव्हा माणसानं कडी घातली.

मुन्नालालनं त्याला आपल्या जीपमधून मुर्रीला सोडलं. वाटेत तो दोनदा म्हणाला, "मेरे को क्या मालूम था, यार." दुधराम म्हणाला, "तुमची का गलती, शेठ." उतरताना मुन्नालालनं उरलेल्या मटणाचा डबा त्याच्या हातात दिला.

रुख्मा दारात आली. तिनं जीपच्या मागे पाहिलं, रस्त्याच्या वळणापर्यंत पाहिलं. अंगणात घमेल्यात कोंडा भिजला होता, वर गुळाचा खडा.

"याचं का करू?" तिनं विचारलं.

दुधराम घमेल्यापाशी बसला. काहीतरी सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, आणि मिटलं. मग हातानं कोंडा कालवत राहिला, गूळ विरघळेपर्यंत.