मुका मार

"शिव्या वाचायचा पगार देतात?" आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिचा विश्वासच बसेना. "मग मला का नाही बोलावलं? मी देऊनही दाखवल्या असत्या."

आईचं काही चुकीचं नव्हतं. तिच्या जिभेला हाड नव्हतं. जावयाला तेवढं वगळून टीव्हीवर बातम्या देणाऱ्यापासून जिन्यातल्या मांजरापर्यंत सगळे तिचे 'मुडदे' होते, आणि पोटची लेक 'टवळी'. लेक मात्र दिवसभर ऑफिसात असलेच शब्द पुसत बसायची. ऑनलाइन खेळाची कंपनी होती. चार-चार जणांच्या टोळ्या एकमेकांचे किल्ले पाडतात असा खेळ, आणि खेळता खेळता बाजूच्या पट्टीत लिहून बोलायची सोय. तिथे कोणी तोंड सोडलं की त्याला ताकीद द्यायची, फारच झालं तर काही दिवस खेळातून बाहेर काढायचं, हे तिचं काम. तिचा हात इतका सरसर चाले की ऑफिसात तिला सगळे कात्रीच म्हणत.

तक्रार आली की समोर तो वाईट मजकूर आणि त्याच्या आगेमागे दोन-चार ओळी दिसत. वाचायचं, ठरवायचं, पुढे जायचं. त्या दिवशी सकाळी 'सज्जन' नाव घेतलेल्या कोणा खेळाडूची 'ढोल्या' नावाच्या खेळाडूविरुद्ध तक्रार आली. ढोल्याने सज्जनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता, तोही सवडीने, एकेका पिढीला पुरेसा वेळ देऊन. शंकेला जागाच नव्हती. कात्रीने ढोल्याला आठवडाभर बाहेर काढलं आणि चहा आणायला उठली.

जेवणानंतर ढोल्याचा अर्ज आला. बाहेर काढलेल्यांना दाद मागता येते. बहुतेक जण 'माझं खातं भावाने वापरलं' असं लिहितात. ढोल्याने लिहिलं होतं, "शिव्या मीच दिल्या. पुन्हा देईन. शिक्षा मान्य आहे. पण ताई किंवा दादा, जे कोणी असाल ते, जरा वर जाऊन वाचा की."

ती वर गेली. सज्जन आणि ढोल्या एकाच टोळीतले, आणि त्याच टोळीत 'चिमणी' नावाचं एक जण होतं. खेळायला यथातथाच, पण रोज येणारं. आणि चिमणी आली रे आली की सज्जन सुरू व्हायचा.

"चिमणीताई आल्या! चला, आता जिंकायचं टेन्शन नाही."

"ताई, तुम्ही नुसत्या उभ्या राहा. तेवढीच आम्हाला मदत."

"रोज येता हो. घरी कोणी हाक मारणारं नाही वाटतं?"

चिमणी दरवेळी लिहायची, सॉरी, नेट हळू आहे. मग पुन्हा सॉरी. असं किती दिवस चाललं होतं कोण जाणे. कात्री वर वर जात राहिली तरी सज्जन काही संपेना. आणि आजच्या सकाळचं त्याचं शेवटचं वाक्य असं होतं: "एक दिवस नाही आलात तर काय होईल? काही नाही. कोणाच्या लक्षातही येणार नाही. करून तर बघा."

त्यावर चिमणी खेळ अर्धा टाकून निघून गेली होती. ढोल्याचं तोंड सुटलं ते त्याच्यानंतर. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि दोर कात्रीनेच ओढला होता.

ती तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब तिच्यापेक्षा वयाने लहान होते, कामसू, अंगावर येईल ते निमूट करणारे. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं.

"यात शिवी कुठे आहे?"

"नाही ना. तेच तर."

"मग आपल्या नियमात कुठे बसवणार? नुसत्या टोमण्यांसाठी लोकांना काढायला लागलो तर खेळायला उरणार कोण? आपण शब्द बघतो हो. मनात शिरायला बसलो तर संध्याकाळपर्यंत दहा तक्रारीही होणार नाहीत."

तेही खोटं नव्हतं. ती जागेवर येऊन बसली, पण बसवेना. दोनदा पाणी पिऊन आली. तक्रारी बघताना मध्येच चिमणी खेळात आली का ते बघत होती. आली नव्हती.

घरीही तेच. नवरा फ्रिज दुरुस्तीचं काम करायचा, तो तिच्याकडे बघून म्हणाला, "अगं, पाय किती हलवतेस! कॉम्प्रेसर बसवलाय की काय आत?" ती हसली नाही. आई खिडकीपाशी पडद्याला काठ शिवत होती. उभा जन्म शिवणावर काढलेली बाई, पण आता नजर साथ देत नव्हती आणि टीप वाकडी जात होती. कात्रीने पडद्याचं टोक उचलून बघितलं.

"राहू दे गं आई," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. "आता कुठे जमायचंय तुला. मी बाहेरून करून घेते."

ती वाट बघत राहिली, की आता येईल टवळी, येईल भवानी. काहीच आलं नाही. आईने दोरा तोडला, पडद्याची घडी घातली आणि मशिनवर झाकण ठेवलं. जेवतानाही बोलली नाही. मुका मार असतो ना, बाहेर ओरखडाही दिसत नाही आणि आत सगळं काळंनिळं. एकही वाईट शब्द बोलली नव्हती कात्री. आणि सज्जन तरी कुठे बोलला होता?

सकाळी तिने पडदा आईपुढे ठेवला. "आई, मला बाहेरचा नको. तू शीव."

"वाकडा होईल."

"होऊ दे."

"काल जीभ चालवायच्या आधी सुचलं नाही का हे, टवळे?" आई म्हणाली, आणि कात्रीच्या जिवात जीव आला.

ऑफिसात पोचल्या पोचल्या तिने सज्जनला महिनाभर बाहेर काढलं. कारण लिहायच्या जागी कुठलाच नियम सापडेना, तेव्हा 'छळ' एवढाच शब्द लिहिला. तासाभरात सज्जनची तक्रार थेट वरच्यांकडे गेली. इतकी अदबीची की वाचणाऱ्याने उठून खुर्ची द्यावी. साहेबांनी तिला आत बोलावलं.

"माझा एक अपशब्द दाखवा, म्हणतो तो. काय दाखवू? मी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

"साहेब, हे वाचून नाही कळत. ऐकावं लागतं."

"म्हणजे?"

ती उभीच होती. चेहऱ्यावर हसू आणून, गोड आवाज काढून ती म्हणाली, "साहेब, आज पण आलात का? बरं झालं. तुम्ही नसलात की कामं पटापट होतात, आम्हाला चुकल्यासारखं वाटतं."

साहेब कसनुसं हसले. "बरं, कळलं."

पण ती थांबली नाही. "कष्ट फार घेता हो. रोज सगळ्यांत शेवटी निघता. घरी कोणी वाट बघणारं नाही वाटतं?"

साहेबांचं हसू गेलं. त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं. कान लाल झाले होते. त्यांची बायको घर सोडून गेल्याचं अर्ध्या ऑफिसला ठाऊक होतं, कात्रीला नव्हतं. घाव नेमका वर्मी बसला, एवढं मात्र त्यांच्या हाताकडे बघताना तिला कळलं.

"साहेब, मी... मला खरंच माहीत नव्हतं."

"बाहेर जा," ते हळूच म्हणाले.

ती बाहेर आली. आपण जिंकलो की काय करून बसलो, हेच तिला समजेना. नोकरी गेली तर नवऱ्याला कसं सांगायचं, याची वाक्यं ती दिवसभर मनात जुळवत होती आणि मोडत होती.

संध्याकाळी साहेबांचा निरोप सगळ्यांना गेला. सज्जनचा महिना कायम. ढोल्याचा आठवडाही कायम, शिवी ती शिवीच. आणि यापुढे निकाल देण्याआधी आगेमागे पूर्ण वाचायचं. त्यामुळे सगळ्यांचं काम वाढलं, आणि शेजारच्या टेबलावरचा चष्मिस दोन दिवस तिच्याशी तिरकं बोलत होता. साहेब तर तिच्याशी काहीच बोलत नव्हते. एकदा जिन्यात समोरासमोर आले तेव्हा तिने पुन्हा माफी मागितली. "बोलला तो सज्जन होता, तुम्ही नव्हतात," एवढं म्हणून ते उतरून गेले. ते तिला पटलं नाही. तीच होती.

चिमणीचा मात्र पत्ता नव्हता. ती बाई आहे की बाप्या, सोळाची की साठीची, कंपनीलाही ठाऊक नव्हतं. खेळाडूंशी आपणहून बोलायची परवानगी नाही. कात्री रोज आल्या आल्या ते नाव बघायची, दुपारी बघायची, निघताना बघायची. कोणाच्या लक्षातही येणार नाही म्हणे!

ढोल्या परत आला, त्यालाही काही दिवस झाले. मग एका दुपारी कॉम्प्युटरने एक ओळ पकडून तिच्यासमोर टाकली. "ए डुकरतोंड्या, जास्त शहाणपणा केलास तर तुझा किल्ला उचलून तुझ्याच टाळक्यात घालीन!"

खाली नाव होतं चिमणी.

कात्री खुर्चीतून अर्धी उठली. मग बसली आणि वरपासून वाचलं. टोळीत नवा आलेला कोणीतरी चिमणीला 'बाजूला हो, तुला काय येतंय' म्हणाला होता. त्यावर हे. आणि त्याच्या खाली ढोल्याने शिवी न देता, बहुधा मोठ्या कष्टाने, फक्त टाळ्यांची चित्रं टाकली होती, ओळभर.

तिने डोळे पुसले. नियमाप्रमाणे चिमणीला पहिली ताकीद पाठवली, की कृपया सभ्य भाषा वापरावी. त्या नव्यालाही एक पाठवली.

"काय गं, हसतेस काय एकटीच?" चष्मिसने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "एकीला रागावले."