चहाचा गोल डाग

मित्रांनो, मी एक जुना सिम्युलेटर आहे. म्हणजे असं जहाज, ज्याच्या बुडाला कधी पाणीच लागलेलं नाही. एका प्रशिक्षण केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या खोलीत माझा मुक्काम असतो. जहाज जिथून हाकतात त्या खोलीला ब्रिज म्हणतात. माझ्याकडे हुबेहूब तसा ब्रिज आहे. सुकाणू आहे, रडार आहे, भोंगा आहे, आणि उघडलं की समुद्राचे आवाज मोठ्याने येतात असं बाजूचं दारही आहे. फक्त खिडक्यांच्या जागी मोठे पडदे आहेत आणि त्यांवर समुद्र दिसतो. काचेपलीकडे शिक्षकाची छोटी खोली आहे. तिथली बटणं दाबून शिक्षक धुकं आणतो, वारा सोडतो किंवा सगळा समुद्र जागच्या जागी थांबवतो.

मला जोडायला तीन महिने लागले. लाटा तपासणारा तंत्रज्ञ खुर्ची घट्ट धरून बसायचा. खुर्ची मात्र जागची हलत नव्हती, आणि मला त्याचं भारी हसू यायचं. पुढे माझं कौतुकही पुष्कळ झालं. पाहुणे आले की आधी मला दाखवायचे. माझ्यात आजवर शेकडो जहाजं आपटली, पण कुणाच्या नखाला धक्का लागला नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं म्हणतात. माझ्याकडे ठेच लागलेलाच शहाणा होतो आणि त्याचा अंगठाही दुखत नाही.

पण मित्रांनो, शिकवणारे काही आभाळातून पडत नाहीत. त्यांनाही शिकवावं लागतं. समुद्रावर उभी हयात घालवलेली माणसं दहा दिवसांसाठी माझ्याकडे शिक्षक व्हायला येत. त्यांना शिकवणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत.

एकदा एक कप्तान आले. गुडघा निकामी झाल्यामुळे त्यांचं जहाज सुटलं होतं, पण समुद्र काही सोडवत नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी धुकं, वादळ, बंद पडलेलं इंजिन आणि सहा मासेमारी होड्या असं सगळं दहा मिनिटांत सोडलं. सुकाणूपाशी एक तरुण अधिकारी मुलगी शिकत होती. ती बिचारी खांबासारखी उभी राहिली. मग कप्तान लंगडत आत आले, त्यांनी सुकाणू स्वतःच्या हातात घेतलं आणि जहाज झोकात बाहेर काढलं.

"छान चालवलंत," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण ते तुम्हाला येतच होतं. तिला काय आलं?"

त्यानंतर कप्तान फक्त धुकं आणू लागले. पण टक्कर होणार असं दिसलं, की थांबवायच्या बटणावर त्यांचं बोट पडायचंच. एकेका दिवसात वीस वेळा माझा समुद्र थिजायचा. खरं सांगतो, मला त्यांचा राग येऊ लागला होता.

नवव्या दिवशी बाईंनी स्पष्टच सांगितलं. "उद्या परीक्षा आहे. असंच केलंत तर मला तुम्हाला नापास करावं लागेल."

"समोर जहाज आपटतंय आणि मी बघत बसू? तीस वर्षांत कधी बसलो नाही." कप्तानांनी गुडघा चोळला. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, हेही गेलं तर घरी बसून करू काय? बायको आत्ताच म्हणते, तुम्ही दूध तापूच देत नाही. उतू जाईल म्हणून आधीच गॅस बंद करता."

बाई हसल्या. "बरोबर बोलतात त्या. उद्या हातात चहाचा कप घेऊन बसा. काठोकाठ भरलेला, दोन्ही हातांत."

तेव्हा माझा राग कुठल्या कुठे गेला.

परीक्षेत धुकं होतं आणि एकच होडी होती. मुलगी रडारवर डोळे लावून बसली. होडी जवळ येत होती, तिचा बारीक भोंगाही वाजत होता. काचेपलीकडे कप्तानांचे हात शिवशिवत होते. गरम चहा त्यांच्या अंगठ्यावर सांडला, पण त्यांनी कप सोडला नाही. माझा जीव टांगणीला लागला. शेवटी माझ्या जुन्या स्पीकरमधून धाडकन आवाज आला. टक्कर झाली.

कप्तानांनी कप बटणाशेजारी ठेवला आणि ते आत आले. "काय झालं?" एवढंच त्यांनी विचारलं आणि ओठ मिटून घेतले. ते ओठ मिटलेले ठेवणं त्यांना किती जड जात होतं, ते मला दिसत होतं.

मुलीने आधी रडारकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मग म्हणाली, "मी नुसती रडारच बघत होते. होडीचा ठिपका लाटांच्या ठिपक्यांत मिसळला. खिडकीतून बघितलंच नाही. भोंगाही ऐकला नाही. वेगही कमी केला नाही."

"मग आता?"

"सर, परत करू?"

दुसऱ्या वेळी धुकं दिसताच तिने वेग उतरवला, बाजूचं दार उघडलं आणि कान देऊन उभी राहिली. भोंगा ऐकू आला, मग होडी दिसली, आणि जहाज सावकाश उजवीकडे वळलं. माझा जीव भांड्यात पडला. बाईंनी कागदावर कप्तानांच्या नावापुढे 'उत्तीर्ण' असं लिहिलं.

आता समोरच्या दालनात नवा, मोठा सिम्युलेटर आला आहे. माझ्या मधल्या पडद्यावर काळी रेघ पडली आहे. पाहुणे माझ्या दारावरून पुढे जातात, तेव्हा वाईट वाटतं. पण शिक्षक घडवायला कप्तान अजूनही माझ्याकडेच येतात, कारण आता ते काम मोठ्या बाईंनी त्यांच्यावर सोपवलं आहे.

परवा त्यांच्या फोनवर त्या मुलीचा निरोप आला. त्यांनी तो माझ्यापाशी उभं राहून दोनदा मोठ्याने वाचला. 'सर, आज खरं धुकं होतं. वेग कमी केला, दार उघडून ऐकलं. होडीतले चौघे घरी गेले.' मग त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि गुपचूप माझी धूळ पुसली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्रांना टाकून देऊ नका. तारा ओढू नका, बटणं आपटू नका, आठवड्यातून एकदा तरी धूळ पुसा. पण थांबवायच्या बटणाशेजारी चहाचा एक गोल डाग आहे. तेवढा मात्र राहू द्या.