तिसऱ्या तारेची झर्र

पितांबर महाराजांच्या डाव्या हाताचं मधलं बोट गिटारच्या तिसऱ्या तारेवर दोनच जागी पडायचं. त्या दोन जागांमध्ये साधारण साडेचार सेंटिमीटरचं अंतर होतं. बोट खुंट्यांकडच्या जागी पडलं की तार ‘झर्र’ करायची, म्हणजे नाही. पोटाकडच्या जागी पडलं की सूर स्वच्छ निघायचा, म्हणजे हो. होकार नेहमी नकारापेक्षा किंचित वरच्या सुरात यायचा. कोकिळा गेले सहा गुरुवार भिंतीला टेकून त्या बोटाकडे बघत होती, आणि एकदाही यात फरक पडला नव्हता.

खोलीत दाटीवाटीनं बसलेल्या चाळीस माणसांचं बोटाकडे लक्षच नव्हतं. ती योगेंद्रचा आवाज ऐकायला आली होती.

योगेंद्र कोकिळाचा नवरा. लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा, एरवी धुळ्याला जाऊन अहिराणी गाण्यांच्या रेकॉर्डिंगला बसायचा. कार्तिकात एका कार्यक्रमाहून परतताना महामार्गावर टेम्पो उलटला आणि तो गेला. खोक्यातल्या इलेक्ट्रिक गिटारला ओरखडासुद्धा आला नाही. ती शिरपूरजवळच्या गावी घरी आली आणि त्याच्या पत्र्याच्या खोलीत खिळ्याला टांगली गेली.

फाल्गुनातल्या एका दुपारी त्याची आई, भिकुबाई, पदरानं गिटारवरची धूळ पुसत होत्या. तारेवर बोट दाबलं गेलं, पदराचा हिसका बसला आणि झर्र झालं. भिकुबाई तिथेच खाली बसल्या. घरात माणूस गेला की पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या नावानं पाण्याची घागर भरायची, चुलीतल्या विस्तवावर आगारीचा घास टाकून तो त्याला पोचवायचा. तोवर जीव दारातच घुटमळतो. आखाजीला अजून दीड महिना होता, पोराला घागर मिळाली नव्हती. मग त्याच्या वस्तूतून आलेला आवाज दुसऱ्या कोणाचा असणार?

ही गोष्ट ओट्याओट्यावरून फिरत पितांबर महाराजांच्या कानी गेली आणि महाराज आपणहून आले. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, डोळे मिटले, एकेका तारेवरून वरखाली बोट फिरवलं, आणि तासाभरानं जाहीर केलं की आत्मा ‘तृतीय तंतूत’ विराजमान आहे. तो फक्त गुरुवारी आणि आखाजीला बोलेल. गिटारला स्पीकरची वायर जोडायची नाही, कारण आत्म्याला विजेचं वावडं. पंखा बंद, कूलर बंद. प्रश्न एका वेळी एकच, आणि तोही महाराजांच्या तोंडून, कारण ‘सूक्ष्म देहाला स्थूल वाणी झेपत नाही’.

कूलर का बंद हवा, ते कोकिळाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ती झर्र एवढीशी असते की पंख्याच्या आवाजातही बुडेल. चव्वेचाळीस अंशांत, पत्र्याखाली, चाळीस माणसं घामानं निथळत श्वास रोखून बसायची, तेव्हा कुठे ती ऐकू यायची. आणि एवढे हाल सोसून ऐकलेलं खोटं असेल, असं कोण मानून घेईल?

उत्तरं मात्र एकदाही चुकायची नाहीत, कारण विचारणाऱ्याला जे हवं तेच उत्तर मिळायचं. शेजारच्या सुमनबाईंनी लेकीसाठी नंदुरबारचं स्थळ विचारलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं की स्थळ पसंत नाही. महाराजांनी एक डोळा किलकिला केला, बोट खुंट्यांकडे गेलं, झर्र. सुमनबाई सुटल्यासारख्या हसल्या.

तिसऱ्या गुरुवारी कोकिळाचे सासरे, सुकदेव आबा, यांनी प्रश्न घातला. कोकिळा वनस्पतिशास्त्राची पदवीधर. सावद्याच्या एका प्रयोगशाळेत, जिथे काचेच्या बाटल्यांमधून केळीची रोपं वाढवतात, तिला नोकरी मिळाली होती. पत्र फाल्गुनात आलं होतं. तिनं दोनदा मुदत वाढवून घेतली, आणि आता आखाजीनंतरचा सोमवार ही शेवटची तारीख होती. सुनेनं जावं का, एवढंच आबांनी विचारलं. विचारताना ते जमिनीकडे बघत टोपी चुरगळत होते. मोठ्या घरात दोनच म्हातारी माणसं उरतील, ही भीती आंधळ्यालाही दिसली असती. महाराज आंधळे नव्हते. झर्र झालं, आणि त्या दिवसापासून कोकिळानं सावद्याचं नाव काढलं की आबा हळूच म्हणायचे, “त्यानी नही म्हनं ना, माय.”

तिला झर्र ओळखीची होती. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, योगेंद्र त्यांना फ्रेट म्हणायचा. तार फ्रेटपासून किती उंच ठेवायची याचा त्याला भारी नाद. तारा खाली असल्या की बोटं पळतात म्हणून तो त्या इतक्या खाली आणायचा की बाराव्या फ्रेटवर दीड मिलिमीटर जागा उरायची. गॅरेजवाल्याकडून बारीक फट मोजायचा फिलर गेज मागून आणायचा आणि पात्या सरकवून आकडे वाचायचं काम कोकिळाकडे असायचं. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसलं की एखादी फ्रेट किंचित उचलली जायची. तिच्या अलीकडे बोट दाबलं की थरथरणारी तार त्या उंच फ्रेटला घासायची आणि झर्र व्हायचं. त्या फ्रेटच्या पलीकडे दाबलं की घासायला काही उरायचं नाही. ऊन तापायला लागलं की तो छोट्या चावीनं तार जराशी वर घ्यायचा, पावसाळ्यात परत खाली. यंदा ते करायला तो नव्हता.

म्हणजे दुसऱ्याच गुरुवारी तिला सगळं समजलेलं होतं. तरी ती बोलली नाही, कारण पोरगा गेल्यापासून अर्ध्या भाकरीवर आलेल्या भिकुबाई पहिल्या गुरुवारच्या रात्री पोटभर जेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वेणी घातली. ही झर्र खोटी आहे असं सांगणं म्हणजे समोरचं ताट ओढून घेणं. आणि न सांगणं म्हणजे या पत्र्याखाली, या भिंतीला टेकून बसून राहणं. रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगू. रोज दुपारी भिकुबाई तिच्या ताटात जास्तीची भाकरी वाढायच्या, आणि ती गप्प बसायची.

आखाजीला घागर भरली, आगारी टाकली, आमरस झाला. दुपारी खोली गच्च भरली. बायका दारात बसल्यामुळे बाहेर जायची वाट उरली नाही. कोकिळाला महाराजांनी आज भिंतीजवळून उठवून गिटारच्या शेजारी बसवलं. गिटार आणि माणसं यांच्यामध्ये तिला पाय पसरायलाही जागा नव्हती.

महाराजांना आज चांगलाच सूर लागला होता. आत्म्याला घागर पोचली, त्याची तहान शमली, पण हे घर त्याच्यानं सोडवत नाही. चौथ्या मितीत त्यानं अर्ज केला आहे, तो मंजूर झाला आहे. या खोलीत तृतीय तंतूची गादी बसेल. गादीपुढची ज्योत त्याच्या अर्धांगिनीनं बारा वर्षं विझू द्यायची नाही आणि गावाची शीव ओलांडायची नाही. मागून कोणीतरी विचारलं, “बारा वरीस? तिना तालुक्याले काम निंघनं त?” महाराजांनी डोळे मिटले. त्यांनी बोट ठेवलं, तार छेडली. स्वच्छ, वरचा सूर. हो.

मग त्यांनी कोकिळाच्या ओंजळीत तांब्यातलं पाणी ओतलं. पाणी सोडून तिनं फक्त “मान्य” म्हणायचं होतं. आबा डोळे पुसत होते. भिकुबाई आशेनं तिच्याकडे बघत होत्या. पाणी बोटांच्या फटींतून झिरपून तिच्या मांडीवर पडत होतं.

कोकिळानं उरलेलं पाणी परत तांब्यात टाकलं आणि हात पदराला पुसले. म्हणाली, मान्य करण्याआधी मला एक प्रश्न विचारायचा आहे. महाराजांनी उदार होऊन मान डोलावली. तिनं एकच अट घातली, बोट मी सांगेन तिथे ठेवायचं. महाराज हसले आणि आत्मा कोणाचे हुकूम ऐकत नसतो, असं समजावू लागले.

“बरं, मग तुमचं बोट राहू द्या,” ती म्हणाली. “आईंचं बोट ठेवू. आईच्या हाताला तर तो बोलेल ना?”

याला नाही कसं म्हणणार? चाळीस माणसं बघत होती. महाराजांनी विधी, सोवळं, मुहूर्त असं काहीबाही पुटपुटून पाहिलं, पण सुमनबाईच पुढे सरकल्या. “द्या ना महाराज. मायशी बोलाले त्याले मुहूर्त कसाले लागस?”

गिटार भिकुबाईंच्या मांडीवर आली. कोकिळानं सासूचं बोट धरून सातव्या फ्रेटच्या घरात, तिसऱ्या तारेवर दाबलं आणि मोठ्यानं विचारलं, योगेंद्रला आमरस आवडायचा का? तार छेडली. झर्र.

खोलीत कुजबुज झाली. दारातून कोणीतरी म्हणालं, “तीन वाट्या खाये तो.”

कोकिळानं तेच बोट दोन घरं पुढे सरकवलं आणि तोच प्रश्न विचारला. स्वच्छ सूर. परत मागे, परत तोच प्रश्न. झर्र. महाराज म्हणाले की स्त्रीस्पर्शानं आत्मा भ्रमित झाला आहे. त्यावर मागचा एक म्हातारा म्हणाला, “आमरसमां कसाना भ्रम महाराज,” आणि पाच-सहाजण हसले.

तिनं आवाज न चढवता सांगितलं. पर्समधून एटीएम कार्ड काढलं, त्याची आखूड कड सातव्या, आठव्या आणि नवव्या फ्रेटवर उभी टेकवली आणि एका बोटानं दाबली. कार्ड डुगडुगलं. दुसऱ्या तीन फ्रेटवर टेकवलं, हललं नाही. पुढे बसलेल्यांना तिनं स्वतः करून बघायला लावलं. मधली पट्टी कागदाच्या जाडीएवढी वर आली आहे, उन्हानं. मागे दाबलं की तार तिला घासते, पुढे दाबलं की घासत नाही. हो आणि नाही यांच्यामध्ये एवढंच आहे. कुठे दाबायचं ते बोटवाला ठरवतो, आणि काय उत्तर द्यायचं ते तो तुमच्या तोंडावर वाचतो.

“हे गिटारचं ज्ञान आम्हाला नाही,” महाराज म्हणाले. “आम्ही फकीर माणसं.”

“तुमच्या डाव्या हाताच्या बोटांची टोकं दाखवा,” कोकिळा म्हणाली. “योगेंद्रच्या चारही बोटांना घट्टे होते. ते तारा दाबून पडतात, जप करून पडत नाहीत.”

महाराजांचा डावा हात उपरण्याखाली गेला आणि बाहेर आला नाही. थोड्या वेळानं ते उठले तेव्हा बायकांनी त्यांना जाण्यापुरती वाट करून दिली. पाया कोणी पडलं नाही.

लोक पांगताना सुमनबाई दारात घोटाळल्या. नंदुरबारच्या स्थळाला त्यांनी झर्रच्या भरवशावर नकार कळवला होता. आता दुसरा कोणी बाबा आला तर खरा-खोटा ओळखायचा कसा, असं त्यांनी विचारलं. कोकिळानं सांगितलं, “ज्याचं उत्तर तुम्हाला पक्कं ठाऊक आहे तो प्रश्न आधी विचारा. मनातलं तोंडावर दिसू देऊ नका. पुन्हा विचारा. आणि त्याचा हात बघा, डोळे नका बघू. लेकीचं म्हणाल, तर लेकीला विचारा.”

खोलीत तिघंच उरली. आबांनी पंखा लावला. भिकुबाईंनी गिटार सोडली नव्हती. त्या स्वतःच बोट मागेपुढे करत होत्या. झर्र, सूर. झर्र, सूर. बराच वेळ.

“मंग इतला गुरवार मनासंगे कोन बोलना?”

“कोणी नाही, आई. तार घासत होती. दर उन्हाळ्यात तो ती नीट करायचा.”

“तुले कव्हयपासून माहीत शे?”

“दुसऱ्या गुरुवारपासून.”

“मंग सांगं का नही?”

“तुम्ही जेवायला लागला होता.”

भिकुबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी गिटार तिच्यापुढे सरकवली. “काढी टाक ती झर्र. त्यानं वाजं तसं करी दे.”

खोक्याच्या कप्प्यात छोटी षट्कोनी चावी होती. कोकिळानं तिसऱ्या तारेच्या टेकूचे दोन्ही स्क्रू पाव पाव फेरा फिरवले, तार सुरात घेतली, सातव्या घरात दाबून छेडली. जराशी घासली. आणखी पाव फेरा. आता सूर स्वच्छ आला, आठव्या घरातही, नवव्यातही.

आबा उंबऱ्यावर बसून ऐकत होते. आता ही गिटार कशालाच नाही म्हणणार नाही, हे त्यांना समजलं असावं. पत्रा तापून कडकड वाजत होता. भिकुबाई वाट बघत होत्या, गिटारकडे नव्हे, सुनेकडे.

कोकिळानं चावी खाली ठेवली.

“आबा, आई,” ती म्हणाली, “मी सोमवारी सावद्याला कामावर रुजू होणार आहे.”