कोर्टात टांगलेला श्रावण

मित्रांनो, मी एक जुनी मराठी दिनदर्शिका आहे. घरात मला सगळे कॅलेंडरच म्हणतात. जुनी म्हणजे यंदाचीच, पण डिसेंबर लागला की आम्ही म्हाताऱ्या.

माझा जन्म पुण्याचा, सासर उज्जैनचं. नानाखेड्याला सुलभाताई आणि विनायकराव यांच्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारच्या खिळ्यावर मी नांदायला आले. गॅस कधी लावला, कुकरची रिंग कधी बदलली, ताई सगळं माझ्या अंगावर लिहायच्या. विनायकराव बँकेतून रिटायर झालेले. "कॅलेंडर सांगेल तेच खरं," असं माझं कौतुक करायचे. तेच नडलं.

ताई भैरवगढच्या एका कापड-छपाई कारखान्यात एकोणीस वर्षं होत्या. ठसा केसभर सरकला तरी त्यांना दिसायचा. एक दिवस मालकाने सांगितलं, उद्यापासून येऊ नका. लेबर कोर्टही म्हणालं, या कामगार नव्हत्याच! म्हणजे एकोणीस वर्षं काय नुसत्या येऊन बसायच्या? ताईंना काम परत हवं होतं. वरच्या कोर्टात अपील करायचं ठरलं.

वकील दुबेजींनी विनायकरावांना फोनवर बजावलं, "सावन लगने के पहले काग़ज़ दे जाना, वरना मियाद गई."

विनायकरावांनी माझ्यावर श्रावण शोधला, पेनने गोल काढला, शेजारी 'श्रावणाआधी वकील' लिहिलं आणि निवांत झाले. आता मित्रांनो, हिंदीवाल्यांचा सावन गुरुपौर्णिमा झाली की लागतो. आपला श्रावण अमावस्या उलटल्यावर, पंधरा दिवस उशिरा. माझ्यावर फक्त आपला छापलाय. मी काय करू?

सावनातल्या पहिल्या सोमवारी महाकालाची सवारी, म्हणजे पालखी, निघाली. विनायकराव रामघाटावर जाऊन दर्शन घेऊन आले. ताई आषाढातल्या कापण्या तळत होत्या.

"अहो, सावन लागला की! कागद?"

"तो त्यांचा. आपला आषाढ चालूय. तू तळ."

पंधरवड्याने ते कागद घेऊन गेले, तेव्हा दुबेजींनी कपाळ धरलं. "भाईसाहब, आप मराठी लोग भी ना!"

घरी ताई एवढंच म्हणाल्या, "आषाढ छान तळलात. माझी नोकरीपण तळून काढलीत."

मग 'उशीर माफ करा, अपील करू द्या' असा अर्ज गेला आणि पुरावा म्हणून मी गेले. मला भोक पाडलं, लाल नाडीने आवळलं, शिक्का मारला. माझ्या सप्टेंबरवर कुणीतरी चहाचा कप ठेवला.

कोर्टात जजसाहेबांच्या शेजारी बसणाऱ्या बाबूंकडे कॅलेंडर नव्हतं. त्यांनी मला फाइलीतून सोडवलं आणि खुर्चीमागे खिळ्याला लटकवलं.

तारीख आली. बाबू फाइल चाळून म्हणाले, "साहब, वो कैलेंडर फ़ाइल में नहीं है."

"ढूँढिए. अगली तारीख?"

बाबू वळले, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यावरूनच पुढची तारीख दिली! असं तीनदा झालं. मी जीव तोडून फडफडले, तर बाबूंनी पंखा बंद केला.

चौथ्या वेळी तारीख शोधायला बाबूंनी माझी पानं उलटली आणि ताईंना स्वतःचं अक्षर दिसलं.

"अहो, ते आपलं कॅलेंडर!"

"गप गं, कोर्ट आहे."

"तुम्ही गप बसा! तुमच्या निवांतपणात माझं वर्ष गेलं." ताई तरातरा पुढे आल्या, मला खिळ्यावरून काढलं आणि थेट साहेबांपुढे उघडलं.

साहेबांनी ऑगस्टवरचा गोल पाहिला. "यह क्या लिखा है?"

"श्रावणाआधी वकील," ताई म्हणाल्या. "पर सर, ये हमारा वाला श्रावण है."

साहेबांनी त्या गोलावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "देरी माफ़. अपील सुनी जाएगी. होली के बाद रखिए."

"जी," बाबू म्हणाले, "चैत लगते ही."

विनायकरावांनी हात वर केला. "साहब, कौन सा चैत?"

ताईंनी त्यांच्या खिशातलं पेन ओढलं. "भैया, तारीख बताओ. अंकों में." आणि लिहून घेतली, अठरा मार्च. माझ्यावर नाही, स्वतःच्या तळहातावर.

मी आता पुन्हा फाइलीत आहे. मित्रांनो, आम्हाला जपा, आमच्यावर कप ठेवू नका. महिना कुणाचा ते आधी विचारा. आणि काही हरवलं, तर फाइली उपसण्याआधी एकदा भिंतीकडे बघा. तिथे एखादी बिचारी तुमच्याच डोक्यावर फडफडत असेल.