कडी नसलेलं दार

प्रशिक्षक बाईंनी पेन सचिवांकडे सरकवलं. सचिवांनी ते तिसऱ्यांदा त्यांच्यापुढे आणून ठेवलं.

“पाचच्या आत सही हवी. निवडीवर हरकत चौथ्या आलेल्या मुलीच्या बाजूनेच घेता येते. तुम्ही तिच्या प्रशिक्षक, शिवाय आई.”

सकाळच्या आठशे मीटरमधून पुढच्या स्पर्धेसाठी पहिल्या तिघींची निवड झाली होती आणि बाईंची लेक आली होती चौथी. तिसरी आलेली ती, जिला सगळे ‘शिडी’ म्हणत. उंच, ट्रान्सजेंडर, वर्षभर बाईंच्याच हाताखाली धावणारी. संघटनेच्या नियमात ती बसत होती. पण नियमच चुकलाय, असं निम्मी खोली म्हणत होती आणि उरलेली निम्मी तसं म्हणणाऱ्यांना अक्कल शिकवत होती.

“प्रश्न मुलींच्या न्यायाचा आहे,” क्लबचे डॉक्टर म्हणाले. “हाडं, फुप्फुसं, वाढीच्या वयात जे मिळालं ते जातं कुठे?”

“अहो, तीही मुलगीच ना,” उपाध्यक्षबाई म्हणाल्या. “औषधं घेते, तपासण्या देते. आणखी काय करायचं तिने?”

बाईंचं डोकं उठलं. एरवी मुलींच्या शर्यतीला इथलं काळं कुत्रंही फिरकत नसे आणि आज खुर्च्या कमी पडल्या होत्या. मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीला कडी बसवा, म्हणून तीन वर्षं अर्ज करून त्या थकल्या होत्या. त्यावर मात्र कोणाचंच काही मत नव्हतं.

“मुलींचा एवढा कळवळा आहे ना, मग आधी ती कडी बसवा,” त्या म्हणाल्या. मग हरकतीचा अर्ज आणि पेन उचलून बाहेर पडल्या. लेकीला विचारल्याशिवाय सही करायची नाही, एवढंच त्यांचं ठरलं होतं.

लेक त्याच खोलीच्या दाराला पाठ लावून उभी होती. रडून तिचे डोळे सुजले होते.

“केलीस सही?”

“तुला विचारायला आले.”

“कर. दोन वर्षं मरमर मेहनत केलीय मी. मला जायचंय, आई.” मग तिने दाराकडे मान वळवली आणि आवाज खाली आणला. “हळू बोल पण. शिडी आत कपडे बदलतेय.”

“आणि तू दार धरून उभी आहेस?”

“मग? कडी कुठाय त्याला?” लेक वैतागून म्हणाली. हे विचारण्यासारखं काय आहे, तेच तिला कळेना. “आता आलीच आहेस तर धर जरा. मी तोंड धुऊन येते.”

ती गेली. बाईंनी दाराला पाठ टेकली. समोरच्या घड्याळात पाचला सात मिनिटं कमी होती. अर्ज एका हातात होता, पेन दुसऱ्या.

“आहेस ना गं?” आतून आवाज आला.

बाईंनी पाय थोडे घट्ट रोवले.

“आहे,” त्या म्हणाल्या.